मदत हवी आहे : कंट्रोलर बनवला, पण एकच बटण चालतंय

फटफटी_७७
तीन रात्री घालवल्या, आता डोकं चालेनासं झालंय. लाकडी खोक्यात आर्केडची बटणं आणि जॉयस्टिक बसवून कंट्रोलर बनवला. ए दाबलं की उडी, गोळी, पॉज सगळं एकदम होतं. बाकी सगळं मेल्यासारखं. जोडणी दहादा तपासली आहे, सोल्डरिंग चकाचक आहे, तेव्हा तेवढं सोडून बोला. शनिवारी भाचे यायचेत.

रेझिस्टरवाली
कन्सोल कुठला? आत चिप कुठली? पुल-अप, म्हणजे बटण सुटलेलं असताना वायर पाच व्होल्टवर धरून ठेवणारे रेझिस्टर, लावलेत का?

जुनी_काडतुसं
अटारी २६०० असेल तर चिपची भानगडच नको. प्रत्येक दिशेला एक वायर, दाबलं की ग्राउंडला टेकते, संपलं. मी दोन बनवलेत. एक अजून चालतो.

फटफटी_७७
अटारी कुठून आला मधेच? दिशा धरून आठ बटणं म्हटल्यावर निन्टेन्डोचा एनईएसच की! पाच वायरी. पुल-अप दहा के (किलोओहम). चिप शिफ्ट रजिस्टर, सगळी बटणं एकदम वाचून एकेक करून सांगणारी, जी लागते तीच.

रेझिस्टरवाली
"म्हटल्यावर" म्हणजे कधी? आठ हा आकडा आत्ता पहिल्यांदा वाचतेय. शिवाय तीन बटणांच्या मेगा ड्राइव्हलाही स्टार्ट आणि दिशा धरून आठच होतात. आणि "जी लागते तीच" असं चिपवर छापत नाहीत. नंबर द्या.

कोडमोडे
चिप काढून फेका, आर्डुइनो लावा, तो प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. टर्बोही मिळेल, बटण धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबल्यासारखं.

रेझिस्टरवाली
कन्सोल "बटणं वाच" म्हणतो तो लॅचचा ठोका काही मायक्रोसेकंदांचा, त्यामागे लगेच "पुढचं सांग" म्हणणारे क्लॉकचे. आर्डुइनोची पिन बदलायची आज्ञा, तुमचं ते डिजिटलराइट, तोवर डोळे चोळत असतं.

कोडमोडे
इंटरप्ट लावायचा, म्हणजे ठोका आला की बोर्ड हातातलं सोडून धावतो, आणि डिजिटलराइट टाळून थेट पोर्टवर लिहायचं. माझा मस्त चालतो. करून न बघता बोलायचं म्हणजे...

तिसरा_डाव
अवांतर : जॉयस्टिकला गेट, म्हणजे दांडा अडवणारी खालची चौकट, चौकोनी आहे की अष्टकोनी? चौकोनीत तिरकं जाताना कोपरा बरोबर हाताला लागतो. अष्टकोनी मी आठवड्यात काढून टाकली.

जुनी_काडतुसं
झॅपरही, म्हणजे एनईएसची टीव्हीवर नेम धरायची बंदूक, जोडायचा असेल तर आधीच सांगतो, एलसीडी टीव्हीवर चालणार नाही. पिक्चर ट्यूबवालाच लागतो.

फटफटी_७७
झॅपरचं कोणी विचारलं? चिपवर ७४एचसी१६५ आहे. एनईएसची मूळची ४०२१ मिळाली नाही, दुकानदार म्हणाला दोन्ही एकच.

रेझिस्टरवाली
हे पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं हो!
काम एकच, लॅच उलटा. ४०२१ लॅच वर गेला की बटणं वाचते, १६५ खाली असताना वाचते. एनईएसचा लॅच एरवी खालीच असतो. म्हणजे तुमची चिप सारखी वाचतच बसते, पुढे सरकतच नाही. कन्सोल आठ वेळा विचारतो आणि आठही वेळा त्याला ए-चंच उत्तर मिळतं.
लॅच उलटवून घ्या. साधा एनपीएन ट्रान्झिस्टर : बेसला दहा के-मधून कन्सोलचा लॅच, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर १६५च्या पिन १ला, आणि तिथूनच दहा के पाच व्होल्टला. पिन १५ ग्राउंडला आहे ना?

फटफटी_७७
पिन १५ कुठेच नाही. रिकामी ठेवली होती.

रेझिस्टरवाली
जोडणी दहादा तपासली होती ना? ती क्लॉक अडवणारी पिन आहे. अधांतरी ठेवू नका.

कोडमोडे
ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, वर पिन १५. आर्डुइनोत हे सगळं एका ओळीत झालं असतं.

फटफटी_७७
चाललं!! आठही बटणं वेगवेगळी. फक्त वर ढकललं की खाली जातंय.

तिसरा_डाव
जॉयस्टिक आहे ती, दांडा वर गेला की खालचा स्विच दबतो. त्या दोन वायरी अदलाबदल करा. आणि गेटचं सांगितलं नाहीत अजून.