मदत हवी आहे: ट्रेनरवर मागचं चाक घसरतंय, रोलर किती आवळायचा?

घरात सायकल चालवायला नुकतीच सुरुवात केली आहे. ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) साधा मॅग्नेटिक, मागचं चाक रोलरवर टेकतं तो. सायकल रोड बाईक, टायर ७००×२८, गुळगुळीत. ट्रेनरसोबत आलेला स्टीलचा क्विक रिलीज (मागच्या चाकाच्या आसातली दांडी) बसवलाय, पुढच्या चाकाखाली ठोकळा आहे, सायकल हलत नाही.

अडचण अशी: बसून एका लयीत पेडल मारलं तर सगळं ठीक. पण जड गिअरवर उभं राहून जोर लावला की चाक सर्रकन घसरतं आणि रोलरखाली काळा रबरी भुगा पडतो. टायर आणि रोलर स्पिरिटने पुसून झाले. हवा ९० पीएसआय ठेवतो, तीही दर वेळी थंड टायरवरच मोजून.

रोलर टायरला टेकल्यावर नॉब दोन फेरे फिरवतो. तीन केले की घसरणं थांबतं, पण चाक हाताने फिरवायलाही जड जातं. टायर उगाच झिजेल, याची काळजी वाटते. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागचं चाक काढून सायकल थेट बसवतात तो) सध्या घेता येणार नाही, आणि हीच सायकल रस्त्यावरही चालवतो, त्यामुळे ट्रेनरचा वेगळा टायर शक्यतो नको.

मग दोन आणि तीन फेऱ्यांच्या मधला नेमका दाब कसा ओळखायचा? की आधी हवा वाढवून बघू?