'सिन्स' की 'फॉर'? अर्ज उद्याच द्यायचा आहे, मदत हवी आहे

परभणीचा_अर्जदार: नमस्कार. शिक्षकपदाच्या माझ्या इंग्रजी अर्जात 'सिन्स सिक्स इयर्स' या शब्दांखाली मित्राने लाल रेघ ओढली आणि आता तो फोन उचलत नाही. शब्दकोशात 'सिन्स' म्हणजे 'पासून' असेच दिले आहे, मग चूक कोणती? कृपया थेट उत्तर द्यावे.

अंबाजोगाईचे_गुरुजी: शब्दकोश बरोबर आहे, आपल्याला 'पासून' फसवते. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' ही दोन्ही रूपे चालतात. इंग्रजीत मात्र काळाचा आरंभ सांगताना 'सिन्स' आणि किती काळ लोटला हे सांगताना 'फॉर' येते. आपले मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले, म्हणून ते 'सिन्स 1958' आहे. 'फॉर 1958' असे कोणीच म्हणणार नाही. आता पूर्ण वाक्य लिहा, क्रियापद पाहायचे आहे.

गोदाकाठ: गुरुजी, 'इट इज सिक्स इयर्स सिन्स आय जॉइन्ड' हे वाक्य शुद्ध आहे. मग आपला नियम कसा टिकतो?

अंबाजोगाईचे_गुरुजी: तेथे 'सिन्स' वर्षांना जोडलेले नसून रुजू होण्याच्या घटनेला जोडलेले आहे, आणि ती घटना हाच आरंभ आहे. नियम टिकतो.

लातूरकर: 'सिन्स'चा 'ज्याअर्थी' आणि 'फॉर'चा 'साठी' असाही अर्थ होतो, हे कोणीच सांगितले नाही. शिवाय अर्ज मराठीत का करत नाही?

परभणीचा_अर्जदार: दादा, जाहिरातीतच इंग्रजी अर्ज मागितला आहे. वाक्य असे आहे: 'आय ॲम टीचिंग सायन्स सिन्स सिक्स इयर्स.' फक्त 'सिन्स' बदलू का?

नांदेडची_शिक्षिका: तेवढ्याने भागणार नाही. 'सहा वर्षांपासून शिकवतो' हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून माझेही विद्यार्थी हमखास 'ॲम टीचिंग' लिहितात. पण मागे सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या कामाला इंग्रजीत 'हॅव बीन टीचिंग' लागते. आपण अजून त्याच शाळेत आहात ना?

परभणीचा_अर्जदार: नाही ताई, एप्रिलमध्येच सोडली. ते सांगण्याची गरज वाटली नव्हती.

अंबाजोगाईचे_गुरुजी: सगळे त्यावरच अडले होते. सोडलेल्या नोकरीबद्दल मराठीतही आपण 'सहा वर्षे शिकवले' असेच म्हणतो, तेथे 'पासून' येत नाही. तेव्हा 'आय टॉट सायन्स फॉर सिक्स इयर्स' असे लिहावे. 'हॅव बीन टीचिंग' लिहिल्यास वाचणाऱ्याला आपण अजून तेथेच आहात असे वाटेल.

परभणीचा_अर्जदार: तसेच लिहिले, आभारी आहे. खालच्या तक्त्यात 'जून ते एप्रिल' लिहिताना तरी 'सिन्स' चालेल का?

नांदेडची_शिक्षिका: नाही. शेवटही दिला आहे, म्हणून तेथे 'फ्रॉम'.