चाचा की सनदी चाचा? कॅप्टन किडच्या निमित्ताने

प्रश्न : चाचेगिरीच्या आरोपाखाली फाशी गेलेला कप्तान विल्यम किड याच्यावरील लेखाचा अनुवाद करताना ‘प्रायव्हेटियर’ या शब्दापाशी अडलो आहे. सरसकट ‘चाचा’ लिहिणे योग्य होईल का?

उत्तर : सरसकट नको, कारण किडचा सारा खटलाच या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभा होता. ‘चाचा’ (जुन्या लेखनात ‘चांचा’) म्हणजे कोणाच्याही हुकमाविना समुद्रावर लूट करणारा. युद्धकाळात शत्रूची जहाजे पकडण्याची राजाची सनद घेऊन निघालेला खाजगी जहाजाचा कप्तान म्हणजे प्रायव्हेटियर. इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमने किडला फ्रेंच जहाजांबरोबरच चाचेही पकडण्याचा अधिकार दिला होता, मोहिमेत बड्या उमरावांचे भांडवल होते आणि लुटीचा दहावा हिस्सा खुद्द राजाला मिळायचा होता. ३४ तोफांचे ‘ॲडव्हेंचर गॅली’ घेऊन १६९६ मध्ये निघालेल्या किडच्या हाती फारसे काही लागेना, खलाशी कुरकुरू लागले, आणि १६९७ च्या ऑक्टोबरात त्याने विल्यम मूर या आपल्याच तोफचीच्या डोक्यात लोखंडी पट्ट्यांची लाकडी बादली घातली. मूर दुसऱ्या दिवशी मेला. किडच्या क्रूरपणाची ख्याती मुख्यतः या एका बादलीवर उभी आहे, असे मला वाटते.

जानेवारी १६९८ मध्ये त्याने केरळच्या किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ पकडले. मालक आर्मेनियन, कप्तान इंग्रज, मात्र जहाजाजवळ फ्रेंचांचे परवाने. म्हणजे किडच्या मते सनदेत बसणारी शिकार. पण लुटणारा इंग्रजांचा माणूस म्हणून मोगल दरबाराचा रोष ईस्ट इंडिया कंपनीवर आला, उमरावांनी हात वर केले आणि ते फ्रेंच परवाने खटल्याच्या वेळी कोठे मिळेनात. मूरच्या खुनाबद्दल व चाचेगिरीबद्दल दोषी ठरलेल्या किडला २३ मे १७०१ रोजी लंडनच्या वॉपिंग येथे फाशी दिले. पहिल्यांदा दोर तुटल्याने पुन्हा चढवावे लागले. परवाने लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले ते विसाव्या शतकात.

म्हणून निवेदनात ‘सनदी चाचा’ आणि फिर्यादी पक्षाच्या तोंडी नुसते ‘चाचा’ असे ठेवावे. मराठी माणसाने तर हा शब्द जपूनच वापरावा, कारण सरखेल कान्होजी आंग्रे छत्रपतींचे आरमार सांभाळत आणि आपले दस्तक (परवाना) नसलेली जहाजे अडवीत, तरी इंग्रजांच्या कागदांत ते चाचेच ठरले.

आणखी एक मत : वरील विवेचन मान्य आहे, परंतु ‘सनदी’ म्हटले की आजच्या वाचकाला मंत्रालयातील अधिकारी आठवतात, आणि हिंदीच्या सहवासामुळे ‘चाचा’ म्हणजे काका, दोन्ही एकत्र आल्यास गंमतच व्हायची. मी ‘परवानाधारी समुद्री लुटारू’ असे लिहीन, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी परवाना कोणी व कोणाविरुद्ध दिला होता तेही एका वाक्यात सांगेन.