विद्यार्थ्यांना घर भाड्याने देताना: तिघांचा मिळून एकच करार की खोलीगणिक वेगळा?

नवी घरमालकीण: घर पहिल्यांदाच भाड्याने देतेय. येणारे तिघे कॉलेजातले मित्र. मी एकच करार करायचा म्हणतेय, त्यावर तिघांच्या सह्या आणि भाड्याची जबाबदारी संयुक्त. म्हणजे एक जण मध्येच निघून गेला तरी उरलेल्या दोघांनी पूर्ण भाडं भरायचं. शिवाय तिघांच्याही पालकांची हमी. घराचं कर्ज अजून फिटायचंय. एका खोलीचं भाडं बुडालं तरी हप्ता थांबत नाही. माझ्या मते यात अन्याय काही नाही. तुम्हाला काय वाटतं?

माजी भाडेकरू: मला हे पटत नाही. ज्याची स्वतःची कमाई नाही अशा मुलाने मित्राचं भाडं कुठून भरायचं? मित्र नापास झाला, आजारी पडला, कॉलेज बदललं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. रिकाम्या खोलीची जोखीम हा घर भाड्याने देण्याच्या व्यवसायाचाच भाग आहे. ती मालकाने उचलावी. खोलीगणिक करार करा, ज्याचं त्याने भरावं.

अनुभवी मालक: खोलीगणिक करार कागदावर छान दिसतो. पण स्वयंपाकघर, बाथरूम आणि जिना कोणाचे? आमच्याकडे असेच वेगवेगळे करार होते. सिंकखालचा पाइप ठिबकत होता आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने कळवलं असेल. मला कळलं तेव्हा खालच्या कपाटाचा तळ फुगून पापुद्रे सुटले होते. खर्च कोणाच्या अनामत रकमेतून कापणार? कोणाच्याच नाही, मीच भरला. आणखी एक गोष्ट: खोली रिकामी झाली की नवा माणूस मालक आणतो, म्हणजे मुलांना अनोळखी माणसासोबत राहावं लागतं. एकत्र करारात निदान सोबती त्यांनी निवडलेला असतो.

माजी भाडेकरू: गळतीचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय आहे. मालकाने ठरावीक काळाने, आधी कळवून, येऊन घर बघावं. त्यासाठी मुलांना एकमेकांच्या भाड्याला बांधून घालायची गरज नाही. आणि हमीपत्र नीट वाचा. संयुक्त करारात हमीची मर्यादा लिहिली नसेल, तर एका मुलाच्या आईवडिलांवर तिघांच्या थकबाकीची आणि नुकसानीची जबाबदारी येऊ शकते. किती पालक हे समजून सही करतात?

तिसरं मत: करार कुठलाही करा, खरी भांडणं घर सोडताना होतात. चावी देण्याआधी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, सामानाची यादी, मीटरचे आकडे आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या. रंग फिका पडणं, जमीन चालून झिजणं ही वापराची साधी झीज. तिचे पैसे कापता येत नाहीत. गादीला सिगारेटने भोक पडलं तर ते नुकसान. भिंतीवरच्या बुरशीबाबत मात्र घाई नको. मुलं बंद खोलीत कपडे वाळवतात हे खरं, पण बाथरूमचा पंखाच बंद असेल तर दोष मालकाचा. आणि विमा कंपनीला घर भाड्याने दिल्याचं आधी कळवा. मालक स्वतः राहत असताना घेतलेली पॉलिसी भाडेकरू आल्यावर दावा नाकारू शकते.

नवी घरमालकीण: विम्याचं उद्याच विचारते. करार मी एकत्रच ठेवणार, पण दोन कलमं घालते. हमी प्रत्येक पालकाच्या आपल्या मुलाच्या हिश्श्यापुरतीच. आणि कोणी सोडून जात असेल तर बदली भाडेकरू मुलांनी सुचवायचा. मी सबळ कारणाशिवाय नाकारायचा नाही. नव्याची सही झाली की जुना मोकळा.

माजी भाडेकरू: हमीचं कलम उत्तम. पण बदली माणूस वर्षाच्या मध्यात मिळणं अवघड असतं, तेव्हा तर सगळ्यांची राहायची सोय झालेली असते. तोवरचं भाडं त्या दोघांवरच पडणार. निदान त्या काळापुरतं रिकाम्या खोलीचं अर्धं भाडं तुम्ही सोसा, असं करारात लिहा.

अनुभवी मालक: अर्धं कायमचं सोसू नका. पहिल्या महिन्यापुरतं लिहा, म्हणजे मुलंही शोधाला लागतील.