फोन बोलतो, म्हणून अक्षर नको?

उंबरठा

परवा इथे हिशेबनीस यांनी लिहिलं की प्रौढ साक्षरतेचे वर्ग आता बंद करावेत. फोन वाचून दाखवतो, माइक दाबून निरोप धाडता येतो, बँकेत अंगठा चालतो. पन्नाशीच्या बायकांना गमभन शिकवण्यावर सरकार आणि संस्था जो पैसा घालतात, तो तिसरीच्या मुलांच्या वाचनाकडे वळवा. खाली बऱ्याच जणांनी "अगदी मनातलं बोललात" म्हटलंय. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

सहा वर्षं मी आमच्या वस्तीतल्या मारुतीच्या देवळात, सभामंडपात वर्ग घेते. रात्री साडेआठ ते दहा. बाया धुणीभांडी, स्वयंपाक उरकून येतात, कुणी येतायेताच पदराला हात पुसत असते. त्यात एक मावशी आहेत, साठीच्या. पेन इतकं दाबून धरायच्या की पुढच्या दोन पानांवर वळ उठायचे. मात्रा संपवून आम्ही छापलेलं काहीबाही वाचायला लागलो, तेव्हा मी सांगितलं, घरून काहीतरी वाचायला आणा. कुणी बिस्किटाचा पुडा आणला, कुणी लाइटचं बिल. या मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून मुलाची लग्नपत्रिका काढली. अकरा वर्षं जपलेली, घडीवर फाटायला आलेली. बोट ठेवून वाचायला लागल्या. गणपतीचं नाव, मुलाचं नाव, मग "कै." आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. "कै म्हणजे गेलेला ना गं?" मी हो म्हटलं. बोट खाली सरकलं. निमंत्रकांत तिन्ही दीर, जावा, दिरांची पोरं. पुन्हा वरून खाली वाचलं. मग मला विचारलं, "माझं कुठंय?"

नव्हतं. विधवा म्हणून घातलंच नव्हतं. आणि अकरा वर्षं घरातले सांगत होते, आहे की तुझं नाव, पहिलंच आहे.

हिशेबनीस, फोन त्यांच्याकडेही होता. पण फोनला विचारावं लागतं, आणि आपल्याला खोटं सांगितलंय हे माहीत नसलेलं माणूस काय विचारणार?

राहिला पैसा. केंद्राचा प्रौढ साक्षरतेचा उल्लास कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा, १,०३७.९० कोटींचा, आणि लक्ष्य पाच कोटी माणसांचं. म्हणजे माणशी दोनशे रुपयांच्या आसपास. शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक. शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेचं एका वर्षाचं अंदाजपत्रक ३७ हजार कोटींच्या वर असतं. आमचे दोनशे रुपये काढून घेऊन तिसरीचं पोर वाचायला लागेल हा हिशेब कुठल्या वहीतला?

हिशेबनीस

ताई, गोष्ट चटका लावणारी आहे, पण एका पत्रिकेवर धोरण ठरत नाही. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाचे आकडे घ्या. देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांतली दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ ला २७.३ टक्के होती, शाळा बंद राहिल्यावर २०२२ ला २०.५ वर आली, २०२४ ला जेमतेम पुन्हा २७ च्या घरात. म्हणजे चारातली तीन मुलं मागेच. ही मुलं उद्या तुमच्या देवळातल्या वर्गात येणार. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसायचं का?

आणि "आई शिकली की पोरं शिकतात" हे सगळे म्हणतात. बिहार आणि राजस्थानात 'प्रथम' या शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमावरच मोठा अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला. आयांचे वर्ग घेतले. आया थोडं शिकल्या, पण मुलांच्या शिकण्यातला फरक अगदी किरकोळ निघाला. तेव्हा तो मुद्दा तरी सोडा.

खडूफळा

मधे बोलतो, कारण हे सगळं शेवटी आमच्याच डोक्यावर येतं. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग. निरक्षर शोधायला घरोघर सर्वेक्षण कोणी करायचं? शिक्षकांनी. ॲपवर नोंदणी? शिक्षकांनी. स्वयंसेवक मिळाला नाही तर? त्याचं नाव आम्हीच शोधून टाकायचं. २०२३ ला राज्यातल्या संघटनांनी या कामावर बहिष्कार घातला, तेव्हा लोक म्हणाले मास्तर कामचुकार. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. मी सर्वेक्षणाला वाडीवर फिरत होतो त्या दिवसांत माझी पहिली-दुसरी एका कोपऱ्यात चित्रं रंगवत बसली होती. तिसरीच्या आकड्यांना रडता, तर हेही मोजा.

उंबरठा

खडूफळा सर, तुमचा राग रास्त आहे, पण तो आमच्या बायांवर का? सर्वेक्षण शिक्षकांच्या गळ्यात बांधलं ते शासनाने.

हिशेबनीस, त्या अभ्यासाबद्दल मी भांडणार नाही, तो मुद्दा सोडते. मनापासून सांगायचं तर मला तो कधी आवडलाच नव्हता. बाईने शिकायचं ते पोराच्या प्रगतिपुस्तकासाठी, असं का? साठीच्या मावशींची पोरं कधीच मोठी झाली. त्यांनी वाचलं ते त्यांच्यासाठी. तुम्ही तीस वर्षं वर्तमानपत्र वाचता, त्याने तुमच्या मुलाचे गुण किती वाढले असं कोणी विचारलंय तुम्हाला?

जुनी पाटी

मी नव्वदीतल्या साक्षरता अभियानात होतो. १९९० ला एर्नाकुलम साक्षर झालं, पुढच्या वर्षी अख्खं केरळ, आणि इकडे आम्ही पेटलो होतो. कलापथकं, प्रभातफेऱ्या, कंदिलाच्या उजेडात वर्ग. पंचवीस वर्षांनी त्याच गावात गेलो. तेव्हा वाचायला शिकलेल्या बायका पुन्हा अंगठ्यावर आल्या होत्या. का? प्रवेशिका, म्हणजे वर्गातलं पहिलं पुस्तक, संपल्यावर वाचायला हातात काही पडलंच नाही. गावात वाचनालय होतं, पण संध्याकाळी तिथे पुरुष पेपर घेऊन बसणार, तंबाखू मळणार. कुठली बाई उंबरा ओलांडेल? त्यामुळे हिशेबनीस पूर्ण चूक नाहीत. पुढची सोय नसेल तर वर्ग वाया जातो.

दुसरं, आता शिकवण्याची पद्धतच बिघडवून ठेवलीय. आम्ही आधी बाराखडी खणखणीत पाठ करून घ्यायचो. आता म्हणे बाराखडी नको, शब्दांपासून सुरू करा. म्हणून तिसरीच्या पोराला वाचता येत नाही.

मुळाक्षर

काका, इथे मात्र थांबा. तिसरीच्या पोराला बाराखडी येते. तीच तर अडचण आहे. पहिलीतली एक मुलगी माझ्यासमोर क का कि की पासून कः पर्यंत एका दमात म्हणाली. मी फळ्यावर नुसता "के" काढला आणि विचारलं हे काय? तिने पहिल्यापासून मनात गाणं सुरू केलं, बोटं मोजत सातव्या जागेवर आली आणि मग म्हणाली, के. "केळी" वाचायला तिला दोन गाणी म्हणावी लागली. याला वाचन म्हणायचं?

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी, सोनाळ्याला क्वेस्ट या संस्थेने वर्षानुवर्षं हेच दाखवलं. चार-पाच अक्षरं आणि एक-दोन मात्रा एकत्र घ्या, त्यातून लगेच शब्द करा, त्या शब्दाला अर्थ असू द्या.

जुनी पाटी

गाणं म्हणत का होईना, आली ना "के" पर्यंत? तुमच्या पद्धतीत न शिकवलेलं अक्षर समोर आलं की पोर गप्प. आणि मोठी नावं सांगताय तर प्रथमच्या वर्गात जाऊन बघा. बाराखडीचा तक्ता भिंतीवर असतो आणि रोज वाचून घेतात. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांच्या स्वतःच्या पिढीने पाढे पाठच केले होते.

मुळाक्षर

तक्ता असतो, बरोबर. पण तो बघून वाचायचा असतो. बोट ठेवून, आडवा आणि उभाही. उभा वाचला की का, खा, गा, घा येतं आणि काना म्हणजे काय ते डोळ्याला कळतं. पाठ म्हणताना डोळे मिटलेले असले तरी चालतं, हा फरक तुम्ही लक्षातच घेत नाही. शिवाय प्रथम मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवतं. अक्षरवाली वेगळी, शब्दवाली वेगळी. खरं काम त्याने होतं.

आणि काका, राग मानू नका, तुमच्या त्या बायका पुन्हा अंगठ्यावर आल्या त्याला फक्त वाचनालय कारणीभूत नाही. जे पाठ केलं ते विसरलं जातं.

जुनी पाटी

राग मानू नका म्हणून घाव घालायचा हे बरं आहे. तुम्ही कंदिलाची काच पुसली आहे का कधी? पावसात चिखल तुडवत जाऊन, सात बायका येतील म्हणून बसलो आणि दोन आल्या, असं किती रात्री झालं? आमच्या कामाला "विसरलं जातं" म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

खडूफळा

दोघेही थांबा. मी तिसरी शिकवतो. बाराखडी असो नाहीतर वर्णसमूह, म्हणजे वर सांगितलेले चार-पाच अक्षरांचे गट, पोर खरं अडतं वेलांटीशी. "कि" मध्ये वेलांटी आधी दिसते आणि बोलायची नंतर. मग रफार. "सूर्य" मधला र य च्या डोक्यावर बसलेला आणि उच्चारायचा य च्या आधी. यावर रोज वीस मिनिटं मिळाली तर दोन महिन्यांत पोर सुटतं. मला ती वीस मिनिटं द्या, पद्धत कुठलीही सांगा.

(माझी आई अजूनही "किती" वाचताना आधी "इ" म्हणते. तिला शिकवायला मला वेळ झाला नाही. एवढं लिहून ठेवतो.)

नर्मदाकाठ

तुमचा बाराखडीचा वाद मला परक्या घरातल्या भांडणासारखा वाटतोय. मी नंदुरबार जिल्ह्यातला, धडगावकडचा. आमच्या घरात पावरी बोलतात. पहिलीत गुरुजींनी चित्र दाखवून विचारलं, हे काय, मी पावरीत सांगितलं, ते म्हणाले चूक. चित्र ओळखलं होतं, तरी चूक. त्यानंतर मी दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. २०११ च्या जनगणनेत राज्य ८२.३ टक्के साक्षर आणि नंदुरबार ६४.४. हा खड्डा पद्धतीचा आहे की भाषेचा, यावर कुणी चार ओळी लिहील का? मोठ्यांच्या वर्गातही तेच. माझ्या आजीला प्रवेशिकेतला शब्द कसाबसा वाचता आला, पण त्याचा अर्थ तिला माहीतच नव्हता.

मुळाक्षर

तुमचं म्हणणं मान्य. आम्ही "अर्थ असलेला शब्द" म्हणतो, पण कुणासाठी अर्थ असलेला, हे मी वर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मांडवीकाठ

आमच्या गोव्याने ३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, स्वतःला पूर्ण साक्षर जाहीर केलं. उल्लासच्या व्याख्येत ९५ टक्क्यांच्या पुढे गेलं की "पूर्ण". मला अभिमान आहे, खोटं बोलणार नाही. पण घोषणा झाल्यावर उरलेल्यांचं काय? आमच्या बांधकामांवर बाहेरून आलेली कुटुंबं राहतात, इमारत झाली की पुढे जातात. त्यांची मुलं कुठल्या पटावर? पुण्यात डोअर स्टेप स्कूल बांधकामाच्या जागेवरच वर्ग भरवतं, बसमध्येही शाळा फिरवतं. हिशेबनीस, तुम्ही संस्थांना सरसकट झोडपलंत म्हणून सांगते. त्या बसमधली मुलं तुम्हाला हवी तीच आहेत.

हिशेबनीस

संस्थांना सरसकट बोललो ते जास्त झालं. माणशी दोनशेचा हिशेब मी केला नव्हता, तो केल्यावर "पैसा वळवा" या म्हणण्यात दम राहत नाही, हेही कबूल. पण माझं दुखणं वेगळं आहे. १७ मार्च २०२४ ला राज्यात उल्लासची परीक्षा झाली, दीडशे गुणांची. आमच्या भागातल्या एका केंद्रावर मी होतो. आजीच्या शेजारी नात बसून उत्तर सांगत होती आणि सगळे कौतुकाने फोटो काढत होते. त्या आजीला प्रमाणपत्र मिळालं असेल. म्हणजे आता ती साक्षर, यादीतून नाव गेलं, पुन्हा तिच्याकडे कोणी जाणार नाही. मी पोस्ट लिहिली ती त्या चिडीतून.

उंबरठा

मग हे आधी लिहायचं होतं. यावर मी तुमच्या बाजूने भांडले असते. आमच्याही वर्गातल्या चौघी परीक्षेला बसल्या. त्यातल्या एकीला माझ्या मते अजून येत नाही. ती पास झाली आणि तरी वर्गाला येते, कारण मी प्रमाणपत्र तिच्या हातात देताना सांगितलं की तुझं संपलेलं नाही. पण असं सांगायला माणूस टिकून राहावा लागतो. म्हणून तर वर्ग बंद करा म्हटल्यावर अंगाचा तिळपापड झाला.

जुनी पाटी काका, वाचनालयाचं खरं आहे. आम्ही एका पत्र्याच्या पेटीत पुस्तकं देवळातच ठेवतो. मोठ्या टायपाची, पंधरा-वीस पानांची. बाया घरी नेतात. परत येतात तेव्हा पानांना हळदीचे डाग असतात.

जुनी पाटी

पेटीचं बरं केलंत. आम्हाला सुचलं नव्हतं. बाराखडीवर मात्र मी ठाम आहे.

नर्मदाकाठ

ताई, त्या पत्रिकेवाल्या मावशींनी पुढे काय केलं? दिरांना विचारलं का?

उंबरठा

नाही विचारलं. घडी घालून पत्रिका परत पिशवीत ठेवली, त्या रात्री लवकर उठून गेल्या. मला वाटलं आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, त्या पत्रिकेतली जोडाक्षरं मला सुटली नाहीत. आज ती घ्या."