जास्त चाललेली जुनी स्प्लेंडर : टॅपेट गाडी घेण्याआधी तपासावेत की नंतर?

प्रश्न (गुहागर)
दापोलीकडची ६८,००० किलोमीटर चाललेली एक स्प्लेंडर घेण्याचा विचार आहे. सर्व्हिसच्या नोंदी नाहीत. इंजिन शांत चालते, तेव्हा टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातले अंतर जुळवण्याची जागा) उघडण्याचे कारणच नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. मात्र सकाळी बऱ्याच किका माराव्या लागतात आणि इंजिन तापल्यावर आयडलिंग टिकत नाही. व्यवहारापूर्वी टॅपेटचे अंतर मोजून घ्यावे, की गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या सर्व्हिसमध्ये पाहावे?

उत्तर (चिपळूण)
आधीच मोजावे. सैल टॅपेट वाजतात, त्यामुळे निदान कळून तरी येतात. घट्ट झालेले मात्र आवाज करीत नाहीत. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (मिटल्यावर तो टेकतो ती कडा) झिजून व्हॉल्व्ह आत आत बसत गेला की अंतर कमी होत जाते आणि अखेरीस तो नीट मिटेनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवाटेच हेडमध्ये (सिलिंडरवरच्या भागात) जात असल्याने मग तो जळू लागतो. आपण लिहिलेली लक्षणे कार्बोरेटरच्या दोषानेही दिसतात, म्हणूनच फीलर गेज (अंतर मोजण्याचे पातळ पाते) घालून खात्री करावी.

उत्तर (रत्नागिरी)
मी इतका आग्रह धरणार नाही. केटीएम ३९० सारख्या शिमच्या (अंतर ठरावीक जाडीच्या चकत्या बदलून जुळवायच्या) गाडीची गोष्ट वेगळी. तिथे तपासणीची मजुरी किमतीतून वजा करूनच बोलावे. स्प्लेंडरला साधा स्क्रू आणि लॉकनट आहे, सेटिंगला फारसा खर्च नाही. त्यापेक्षा सायलेन्सरचा धूर आणि टायमिंग चेनची खरखर पाहावी. शिवाय किनाऱ्यावरच्या गाडीची टॅपेटची झाकणे खाऱ्या हवेने धरलेली असतात; घाईने पाना लावला की कडा गोल होतात, आणि गाडी अजून दुसऱ्याची आहे.

उत्तर (चिपळूण)
झाकणांचा मुद्दा मान्य. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि मालकाची संमती घ्यावी. परंतु सेटिंग स्वस्त असले तरी हेडचे काम स्वस्त नसते, आणि ते निघणार आहे का, याचा अंदाज याच तपासणीतून येतो. इंजिन पूर्ण थंड असताना मॅग्नेटोच्या चाकावरील टी खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) जुळवावी; दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत, नाहीतर आणखी एक फेरा द्यावा. अशा लहान इंजिनांत अंतर ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, तरी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडाच धरावा. पाते किंचित अडखळत सरकले पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूही फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. अंतर बरोबर करूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमीच आले, तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत असे समजून किंमत पाडून मागावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. विक्रेत्याने रविवारी सकाळी मेकॅनिक आणण्यास होकार दिला आहे. आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये, एवढे त्यांना आजच कळवतो.