युगांडात बारा दिवस: सेवा की सहल?

वास्कोची नर्स
काल इथं एक पोस्ट फिरली: "चर्चवाले बारा दिवस आफ्रिकेत जातात, तिथल्या पोरांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि त्याला सेवा म्हणतात. तिकिटाचे पैसे पाठवले असते तर जास्त उपयोग झाला असता." खाली नुसत्या टाळ्या. मी त्या बारा दिवसांत होते. रात्रपाळी करून आलेय, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मी मूळची मिरजेची, लग्नानंतर वास्कोला. आमच्या चर्चच्या मराठी मंडळीतले आम्ही सात जण युगांडात मसाकाच्या बाजूला एका छोट्या प्रसूतिगृहात गेलो. बोलावणं तिथल्या मंडळीचं होतं. पीतज्वराची लस, ती घेतल्याचं पिवळं कार्ड, हिवतापाच्या गोळ्या, तिकीट, सगळं पदरचं. पहिले दोन दिवस मी फरशी पुसली आणि चादरी धुतल्या, कारण तिथली इनचार्ज सिस्टर म्हणाली, आधी बघ, मग हात लाव. तिसऱ्या रात्री एक बाळ रडेना. श्वास द्यायची अँबू बॅग होती, पण धुतल्यानंतर तिची झडप चुकीची जोडलेली. दाबली तरी हवा बाळापर्यंत जाईना. झडप सुटी करून नीट बसवली, श्वास दिला, बाळ रडलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या सगळ्याजणींनी मिळून ती बॅग सोडायची, उकळायची, जोडायची, असं वीसदा केलं. ती बॅग मी नेलेली नव्हती. पैसे तिथं आधीच पोचले होते, म्हणूनच बॅग होती!

डिचोलीचा मास्तर
बाय, बाळ वाचलं, देव बरं करो. पण तू मुद्दा सोडून गोष्ट सांगितलीस. युगांडात ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. पहिले इंग्रज मिशनरी तिथं 1877 साली पोचले. 1886 साली नामुगोंगोला तिथल्या तरुणांनी धर्म सोडला नाही म्हणून त्यांना जिवंत जाळलं. 1977 साली इदी अमीनच्या राजवटीत त्यांचा आर्चबिशप जानानी लुवुम मारला गेला. असल्या लोकांना तुम्ही गोव्याहून श्रद्धा काय शिकवणार?

दुसरं म्हणजे आम्ही हा प्रकार उलट्या बाजूने भोगलाय. मी प्राथमिक शाळेत शिकवत होतो तेव्हा सीझनला परदेशी पाहुणे यायचे, मधल्या सुट्टीत फाटकाशी उभे राहून मुलांना चॉकलेट आणि पत्रकं द्यायचे. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, त्याला वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. मी विचारलं तर म्हणाले, आम्ही फक्त प्रेम वाटतोय. पालक माझ्यावर धावून आले, ते मात्र विमानाने घरी गेले. शिवाय 1560 ते 1812 इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीच्या, काळात या भूमीने काय पाहिलं, ते विसरायला सांगू नका.

फोंड्याची हिशेबनीस
मीही गेले होते, म्हणून बोलते. भूकंपानंतर, 2016 साली, नेपाळला, दहा दिवस. एका अनाथाश्रमाची भिंत रंगवली. आकाशी रंग. आमच्या आधीच्या गटाने तीच भिंत पिवळी केली होती, खरवडताना खालून निघाली. गावात रंगारी बिनकामाचे बसलेले. शनिवारी एक बाई भाजीची टोपली घेऊन दारात आली, आमच्या कडेवरचा मुलगा "आमा" म्हणून उडी मारून तिच्याकडे गेला. अनाथ कसला, आई चालत दोन तासांवर राहत होती. आश्रमात मुलं भरलेली असली तरच आमच्यासारखे येणार आणि देणगी ठेवून जाणार, म्हणून ती भरलेली. मी परत आल्यावर मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिले आणि हे सांगितलं. पाळकांनी माईक काढून घेतला. मला तो दिवस अजून गिळता येत नाही.

मडगावची
मास्तर, इन्क्विझिशन काढलंतच. त्याचा बडगा जास्त कुणावर पडला? बाप्तिस्मा घेतलेल्या आमच्याच पूर्वजांवर. घरात तुळस दिसली, जुना रिवाज पाळला, की चौकशी. तेव्हा तो वार आमच्यावर करू नका.

मुख्य प्रश्नावर मी तुमच्याच बाजूची आहे. बाणावलीला जन्मलेला कॅथलिक पाद्री जुझे वाझ 1687 साली मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरला. डच पकडतील ही भीती, अंगात आजार. तमिळ शिकला, सिंहली शिकला, कँडीत देवीची साथ आली तेव्हा राजवाड्यातले लोक पळाले, हा रोग्यांजवळ राहिला. 1711 साली तिथंच गेला. चोवीस वर्षं! परतीचं तिकीट खिशात ठेवून गेलेल्याने मिशन हा शब्द वापरू नये. पाद्री थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आला, तोही चाळीस वर्षं राहिला आणि आमच्या कोंकणीत लिहिता झाला.

पेडण्याचा जुना वाचक
आमच्या कोंकणीत? स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूवरचं ओवीबद्ध काव्य, 1616 साली इथं गोव्यातच राशोलला छापलं ते मराठीत. त्याने स्वतः त्या भाषेला मराठी म्हटलंय. चारशे वर्षांनी तुम्ही नाव बदलणार?

मडगावची
आणि त्याने व्याकरण कुठल्या भाषेचं लिहिलं? कोंकणीचं. 1640 साली राशोललाच छापलं. लोक घरात जी बोलत होते तीच शिकावी लागली ना त्याला?

पेडण्याचा जुना वाचक
घरात कोंकणी, पोथीत मराठी, हे गोव्यात दोन्ही धर्मांचं होतं. ते तोडलं कुणी? 1684 साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत आपली भाषा सोडा आणि पोर्तुगीज बोला. माझ्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या पडवीत कंदिलावर मराठी शाळा चालवली. फी म्हणून लोक नारळ द्यायचे. 1987 च्या राजभाषा कायद्याने त्या माणसाला काय मिळालं? मराठी "वापरता येईल", एवढंच. तो कायदा आला त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

मडगावची
माझी आजी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत प्रार्थना वाचायची. कायद्यात कोंकणी फक्त देवनागरीतली. तिची लिपी कायद्याबाहेर गेली, त्याचं दुःख तुम्हाला कधी झालं? तुमचे वडील जेवले नाहीत हे वाचून मला वाईट वाटलं, खरंच. पण माझ्या आजीला निरक्षर समजून बँकेत अंगठा लावायला सांगितलं होतं. ती रोज वाचायची!

पेडण्याचा जुना वाचक
आजीचं झालं ते चूक होतं, हे मी लिहून देतो. पुराण मात्र मराठीतच आहे.

वास्कोची नर्स
मी प्रसूतिगृहाबद्दल लिहिलं होतं. इथं राशोलचा छापखाना चालू झाला.

फोंड्याच्या ताई, तुमची आई-टोपलीची गोष्ट वाचून मी मोबाइल खाली ठेवला. मुलांसोबतचे फोटो आमच्यातल्या दोघांनीही टाकले होते, मी भांडून काढायला लावले. मास्तर, श्रद्धा शिकवायला आम्ही गेलो नव्हतो. रविवारी त्यांची उपासना चार तास चालली, आम्हाला एकच गीत म्हणायला दिलं, तेही मराठीत. शिकले असेन तर मीच. पण जुझे वाझ व्हायला जमत नाही त्याने घरात बसावं, हे मला पटत नाही. माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. माझ्याकडे चोवीस वर्षं नाहीत, वार्षिक रजा आहे.

डिचोलीचा मास्तर
झडपेचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. आता हिशेब सांग. माणशी किती? आणि बाकी सहा जणांनी काय केलं? तुझ्या पोस्टमध्ये ते कुठंच नाहीत.

फोंड्याची हिशेबनीस
मलाही तेच विचारायचं होतं. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या वाटल्या असतील तर महिन्यानंतर त्या रोग्याला कोण बघतं?

वास्कोची नर्स
गोळ्या वाटल्या नाहीत. सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जे तुम्ही गेल्यावर मला चालवता येणार नाही ते सुरू करू नका.

माणशी ब्याऐंशी हजार, म्हणजे सात जणांचे पावणेसहा लाख. आमच्यातल्या प्लंबरने पन्हाळी बसवून पावसाचं पाणी टाकीत आणलं, वायरमनने प्रसूतीच्या खोलीतला दिवा सौरबॅटरीवर घेतला, फार्मासिस्टने मुदत संपलेली औषधं वेगळी काढली. उरलेल्या तिघांना तिथं काम नव्हतं. ते मुलांशी खेळले, भाजी चिरली, प्रार्थना केली. मनाने चांगली माणसं, पण त्यांच्या तिकिटांचे अडीच लाख जायला नको होते. हे मी मंडळीच्या बैठकीत बोलले. त्यानंतर तीन रविवार माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

यंदा फक्त दोघं जाणार, मी आणि प्लंबर. सिस्टरने यादी पाठवलीय: दुसरी टाकी, दोन झडपा, आणि तिची एक नर्स बाळंतपणाच्या रजेवर जातेय तिच्या जागी कुणीतरी, सहा आठवडे. माझ्या कागदपत्रांची तिथल्या नर्सिंग परिषदेकडची परवानगी तीच बघतेय.

डिचोलीचा मास्तर
म्हणजे बारा दिवस पुरत नाहीत, हे तूच मान्य केलंस.

वास्कोची नर्स
मागच्या खेपेला दिवस मंडळीने ठरवले होते. या खेपेला सिस्टरने ठरवले. सासूबाईंना नणंद नेणार आहे, बिनपगारी रजेचा अर्ज काल दिला.

डिचोलीचा मास्तर
दोन झडपांचे पैसे माझ्याकडून घे. पत्रकं मात्र वाटू नकोस.